पिवळ्या कंठाची चिमणी

राजूरच्या वर्गात सह्याद्रीच्या सदाहरित रानांतली पाखरे शिकविताना मी डॉ. सलीम अलींचे १९४१ साली निघालेले पुस्तक उघडतो. पण आधी त्यांची हकीगत सांगतो. १८९६ साली मुंबईत जन्म, आईबाप लहानपणीच गेले. छर्‍याच्या बंदुकीने मारलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीचे नाव विचारायला हा पोरगा नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि पक्ष्यांचाच झाला. पदवी नसल्याने सरकारी प्राणिशास्त्र खात्यात जागा मिळाली नाही. (येथे मागचे बाक मान वर करतात.) १९३३ मध्ये त्यांनी त्रावणकोर-कोचीनची राने पालथी घातली. उतारवयात केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणापासून वाचावे म्हणून ते झगडले. १९८७ साली वारले. मग मी शीळ कस्तुराचे चित्र दाखवितो. यंदा एक अबोल मुलगा उठला आणि आपल्या ओढ्यावरची त्याची शीळ त्याने वर्गाला ऐकविली.