ऑगस्ट बीर

ऑगस्ट कार्ल गुस्ताव्ह बीर (२४ नोव्हेंबर १८६१ – १२ मार्च १९४९) हे जर्मन शल्यचिकित्सक होते. मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात औषध टोचून कमरेखालचा भाग बधिर करण्याची पद्धत त्यांनी १८९८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी यशस्वीपणे वापरली. या पद्धतीचा प्रयोग स्वतःवर करून घेताना त्यांना तीव्र डोकेदुखी जडली. तिची त्यांनी केलेली नोंद ही मेरुद्रव गळाल्याने होणाऱ्या डोकेदुखीच्या आद्य वर्णनांपैकी एक मानली जाते.

प्रारंभिक जीवन

बीर यांचा जन्म जर्मनीतील वाल्डेक संस्थानातील हेल्सेन या गावी झाला. बर्लिन, लाइपत्सिश आणि कील येथे वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर ते कील येथे प्रसिद्ध शल्यचिकित्सक फ्रीडरिश फॉन एस्मार्ख यांचे सहायक झाले. याच विद्यापीठातील हाइनरिश क्विंके यांनी १८९१ मध्ये कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मेरुद्रव काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. बीर यांच्या पुढील प्रयोगांचा तो पाया ठरला.

कील येथील प्रयोग

१६ ऑगस्ट १८९८ रोजी बीर यांनी घोट्याच्या सांध्याचा क्षयरोग झालेल्या ३४ वर्षांच्या एका मजुराच्या मेरुद्रवात १५ मिलिग्रॅम कोकेन टोचले आणि त्याच्यावर वेदनारहित शस्त्रक्रिया केली. त्यानंतर आणखी काही रुग्णांवर ही पद्धत वापरली गेली. मात्र भूल उतरल्यावर काहींना डोकेदुखी आणि उलट्यांचा त्रास झाला. हा त्रास कशामुळे होतो हे कळावे म्हणून बीर यांनी २४ ऑगस्ट रोजी आपले सहायक ऑगस्ट हिल्डेब्रांट यांच्याकडून स्वतःच्याच पाठीत सुई घालून घेतली. परंतु पिचकारी सुईला नीट बसेना. त्यामुळे बराचसा मेरुद्रव वाहून गेला, कोकेनही बाहेर सांडले आणि भूल चढलीच नाही.

त्यानंतर हिल्डेब्रांट स्वतः प्रयोगासाठी पुढे आले. या वेळी भूल पूर्ण चढली. त्यांच्या पायांना सुई टोचून, जळती सिगार लावून आणि नडगीवर हातोडी मारून पाहिले, तरी त्यांना वेदना जाणवल्या नाहीत. त्या रात्री दोघांनी भोजन, मद्य आणि सिगार यांचा आस्वाद घेतला.

डोकेदुखीची नोंद

दुसऱ्या दिवशी बीर यांना चक्कर आणि डोक्यावर दाब जाणवू लागला. खुर्चीतून झटकन उठताच हा त्रास वाढे आणि आडवे पडताच तो नाहीसा होई. अखेर त्यांना अंथरुण धरावे लागले आणि बरे होण्यास नऊ दिवस लागले. हिल्डेब्रांट यांनाही डोकेदुखी व उलट्यांचा त्रास झाला, शिवाय हातोडीच्या आघातांमुळे त्यांचे पाय दुखू लागले.

बीर यांच्या शरीरात कोकेन जवळजवळ गेलेच नव्हते. त्यामुळे त्यांच्या त्रासाचा सगळा दोष औषधाला देता येत नव्हता. गमावलेला मेरुद्रव हे त्याचे कारण असावे, असा अंदाज त्यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात मांडला. पुढे या शोधाच्या अग्रहक्कावरून वाद झाला. न्यू यॉर्कचे जेम्स लिओनार्ड कॉर्निंग यांनी १८८५ मध्येच मणक्यांजवळ कोकेन टोचण्याचा प्रयोग केला होता. हिल्डेब्रांट यांनी या वादात कॉर्निंग यांची बाजू घेतली.

निदानातील महत्त्व

मेरुद्रव मेंदूला तोलून धरतो. तो आवरणाच्या छिद्रातून गळू लागला की उभे राहताच मेंदू खाली ओढला जातो व वेदना होतात. म्हणून उठल्यावर वाढणारी आणि आडवे पडल्यावर कमी होणारी डोकेदुखी ही आजही निदानाची पहिली खूण मानली जाते. तिच्या जोडीला मान आखडणे, कानात आवाज येणे आणि मळमळ ही लक्षणे आढळतात. पाठीत सुई घातल्यानंतर असा त्रास साधारणतः पाच दिवसांच्या आत सुरू होतो.

सुई न घालताही आवरण फाटून द्रव गळू शकतो. अशा रुग्णांचे वर्णन जर्मन मज्जातंतुतज्ज्ञ गेओर्ग शाल्टेनब्रांट यांनी १९३८ मध्ये केले. सुईचा पूर्वेतिहास नसल्यामुळे या रुग्णांची डोकेदुखी अर्धशिशी समजली जाण्याचा धोका असतो. द्रवाचा दाब ६० मिलिमीटर जलस्तंभापेक्षा कमी आढळल्यास निदानास पुष्टी मिळते, परंतु दाब सामान्य असला तरी हा विकार नाही असे ठरत नाही. मेंदूच्या एमआरआय तपासणीत आवरणे ठळक दिसणे व मेंदू खाली सरकलेला दिसणे या महत्त्वाच्या खुणा होत. रुग्णाचेच रक्त मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर टोचून गळती थांबवण्याचा उपचार अमेरिकी शल्यचिकित्सक जेम्स गॉर्मली यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केला.

उत्तरायुष्य

बीर यांनी ग्राइफ्सवाल्ड व बॉन येथे अध्यापन केले आणि १९०७ मध्ये ते बर्लिन येथे अर्न्स्ट फॉन बेर्गमान यांच्या जागी प्राध्यापक झाले. हात किंवा पाय आवळून शिरेत औषध टोचण्याची त्यांची १९०८ मधील पद्धत ‘बीर ब्लॉक’ या नावाने ओळखली जाते. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने वापरलेल्या पोलादी शिरस्त्राणाच्या निर्मितीत अभियंता फ्रीडरिश श्वेर्ड यांच्यासह त्यांचा वाटा होता. १९२५ मध्ये त्यांनी होमिओपथीचा गांभीर्याने विचार व्हावा, असे मत मांडल्याने वैद्यकवर्तुळात वाद उसळला. नाझी राजवटीने १९३७ मध्ये त्यांना फेर्डिनांट झाऊअरब्रुख यांच्यासह राष्ट्रीय पारितोषिक दिले. ब्रांडेनबुर्गमधील झाऊएन येथे त्यांनी विविध जातींच्या वृक्षांचे मिश्र वन वाढवले. तेथेच १९४९ मध्ये त्यांचे निधन झाले.