न सापडलेल्या ईथरचा शोधक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ईथरच्या अस्तित्वाविषयी शंका घेणारे भौतिकशास्त्रज्ञ विरळाच होते. ध्वनीला जशी हवा, तसे प्रकाशलहरींना वाहून नेणारे एखादे सूक्ष्म द्रव्य अवकाशात सर्वत्र भरलेले असलेच पाहिजे, ही तेव्हाची दृढ धारणा. अल्बर्ट मायकेलसन यांचीही तीच निष्ठा होती. म्हणूनच त्यांच्या हातून जे घडले, ते विचार करण्याजोगे आहे.

प्रशियातील स्ट्रेल्नो येथे १८५२ मध्ये जन्मलेले मायकेलसन बालपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत आले, खाणकामगारांच्या वस्त्यांत वाढले आणि नौदलाच्या अकादमीत शिकून पुढे तेथेच शिकवू लागले. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते. तेव्हा स्थिर ईथरचा वारा तिला लागलाच पाहिजे, असे अनुमान होते. एकच प्रकाशकिरण दुभंगून काटकोनातील दोन वाटांनी धाडावयाचा, आरशांवरून परतवून पुन्हा एकत्र आणावयाचा आणि उपकरण फिरविताना त्यातून उमटणारे काळे-उजळ पट्टे किती सरकतात ते पाहावयाचे, ही त्यांची युक्ती. १८८१ मध्ये पॉट्सडॅम येथे अपेक्षित बदल दिसला नाही. शिवाय गणितातील एक चूकही इतरांनी दाखवून दिली. १८८७ मध्ये क्लीव्हलँड येथे एडवर्ड मॉर्ली यांच्यासह त्यांनी पाऱ्यावर तरंगणाऱ्या शिळेवर तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला. पट्टे आपल्या रुंदीच्या ०.४ इतके सरकावयास हवे होते. त्याच्या विसाव्या हिश्शाइतकेही ते सरकले नाहीत.

मायकेलसन यांच्या दृष्टीने हे अपयशच होते. तरीही आकड्यांना मुरड न घालता तो निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केला. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताने ईथरची गरजच संपविली. १९०७ मध्ये मायकेलसन यांना नोबेल पारितोषिक लाभले, ते अचूक प्रकाशीय उपकरणांसाठी आणि त्यांच्या साह्याने केलेल्या मापनांसाठी. १९३१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ईथरवरची त्यांची माया पुरती सुटली नव्हती.

त्यांच्या उपकरणाच्याच तत्त्वावर २०१५ मध्ये अमेरिकेत गुरुत्वीय लहरी टिपल्या गेल्या. तशाच वेधशाळेला हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे उभारणीसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. अपेक्षित उत्तर आले नाही की प्रयोगवहीत ते जुळवून लिहिण्याचा मोह आपल्या शाळा-महाविद्यालयांना अपरिचित नाही. आपल्या श्रद्धेविरुद्ध गेलेले मापन जसेच्या तसे नोंदविणे, हीच विज्ञानाची खरी दीक्षा होय.