दोराबजी आणि ऑलिम्पिकची यादी

मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अधिवेशन भरले आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत क्रिकेटला स्थान देण्याचा निर्णय त्यात झाला. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर क्रिकेट या मेळाव्यात परतणार, याचा आनंद आपल्याकडे साहजिकच मोठा होता. स्क्वॉश, लॅक्रॉस, फ्लॅग फुटबॉल आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल हे खेळही त्याच दिवशी यादीत आले. कोणता खेळ ऑलिम्पिकचा आणि कोणता नव्हे, हे ठरविण्याचा मान अशा रीतीने त्या दिवशी मुंबईला मिळाला. याच मुंबईत जन्मलेले सर दोराबजी टाटा यांनी शतकापूर्वी हाच प्रश्न उलट्या बाजूने हाताळला होता. यादी युरोपात ठरलेली होती. तिच्यातील कोणत्या खेळांत हिंदुस्थानचा माणूस उभा राहू शकेल, एवढेच त्यांना ठरवावयाचे होते.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ चा. जमशेटजी आणि हिराबाई टाटा यांचे हे थोरले चिरंजीव. मुंबईतील शालेय शिक्षणानंतर १८७५ मध्ये त्यांना इंग्लंडला पाठविण्यात आले आणि दोन वर्षांनी ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. तेथे ते जवळपास प्रत्येक इंग्रजी मैदानी खेळ खेळले. १८७९ मध्ये ते परतले, सेंट झेवियर्समधून १८८२ मध्ये पदवीधर झाले, दोन वर्षे ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये पत्रकारिता केली आणि मग वडिलांच्या व्यवसायात शिरले. पुढचा इतिहास सर्वांना परिचित आहे. जमशेटजींनी पाहिलेली पोलादाच्या कारखान्याची, विज्ञानसंस्थेची आणि जलविद्युत प्रकल्पांची स्वप्ने त्यांच्या पश्चात उभी राहिली ती प्रामुख्याने दोराबजींच्या चिकाटीने. १९१० मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

उद्योगपती म्हणून त्यांचे चरित्र पुष्कळ ठिकाणी सापडते. क्रीडासंघटक म्हणून मात्र त्यांचा उल्लेख एखाद्या ओळीत आटोपतो, आणि ते अन्यायाचे आहे. केंब्रिजहून येताना त्यांनी मैदानाची ओढ बरोबर आणली होती. मुंबईतील अनेक शाळांना एकत्र आणून त्यांनी एक क्रीडासंघटना उभी करण्यास हातभार लावला व तिचे चिटणीसपद सांभाळले. आधी क्रिकेट, मग धावणे-उड्यांच्या शर्यती असा तिचा क्रम होता. शर्यतींचा आराखडा त्यांनी इंग्लंडमधील विद्यापीठांच्या सामन्यांवरून घेतला होता. खेळ म्हणजे काय आणि तो कोणत्या नियमांनी खेळावयाचा, याची त्यांची कल्पना अशी विलायतेत घडलेली होती.

या कल्पनेला पुण्यात वेगळेच काही पाहावयास मिळाले. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने देशी खेळांना आपले मानले होते. हुतूतू, आट्यापाट्या, खोखो हे खेळ तोवर गावोगाव आपापल्या रीतीने खेळले जात. हुतूतूत तर गडी बाद झाल्यावर तो पुन्हा आत यावा की न यावा यावरच संजीवनी, गामिनी आणि अमर असे निरनिराळे प्रकार होते. या खेळांना लेखी नियमांच्या चौकटीत बसविण्याचे काम पुण्यात सुरू झाले आणि त्यात जिमखान्याचा वाटा मोठा होता. अशा संस्थेने अध्यक्ष म्हणून बोलावले ते केंब्रिजच्या मुशीतून आलेल्या एका पारशी उद्योगपतीला.

१९१९ मध्ये जिमखान्याच्या वार्षिक क्रीडामेळाव्याला दोराबजी उपस्थित होते. मेळाव्याचे मुख्य आकर्षण होते सुमारे पंचवीस मैलांची रस्त्यावरील दौड. धावणारे बहुतेक शेतकरी होते. पायांत काही नाही, शास्त्रशुद्ध सराव नाही, रस्ता खडबडीत, आणि तरीही त्यांच्या वेळा युरोपातील नामांकित धावपटूंच्या वेळांच्या आसपास जाणाऱ्या आहेत हे दोराबजींच्या ध्यानात आले. हातात घड्याळ घेऊन तुलना करण्याची सवय त्यांना होती, म्हणूनच ते ध्यानात आले असावे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याशी त्यांचे बोलणे झाले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला हिंदुस्थानचा संघ पाठविण्याचा विचार पक्का झाला. खर्चाचा मोठा भाग दोराबजींनी स्वतः उचलला.

पाठवावयाचे कोणाला, हा प्रश्न आता पुढे आला. डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर जे खेळले जात होते त्यातील बरेचसे अँटवर्पच्या यादीत नव्हते. त्या यादीत रस्सीखेच होती, घोडेस्वारी होती, तिरंदाजी होती. हुतूतू आणि मल्लखांब नव्हते. दोराबजींनी यादीशी वाद घातला नाही. आपल्या माणसाला जे येते आणि यादीत जे आहे, त्यांचा मेळ कोठे बसतो हे पाहिले. मेळ दोन ठिकाणी बसत होता, धावणे आणि कुस्ती. चार धावपटू आणि दोन मल्ल असा सहा जणांचा संघ ठरला. धावपटूंमध्ये बंगालचे पूर्मा बॅनर्जी, बेळगावकडचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी, तर मल्लांमध्ये कुमार नवले आणि रणधीर शिंदे होते.

कुस्तीचा मेळ वरवर वाटतो तितका सरळ नव्हता. आपला मल्ल तांबड्या मातीत वाढलेला. अँटवर्पला गादी होती, वजनी गट होते आणि पंचांचे नियम निराळे होते. तरीही शिंदे यांनी फेदरवेट गटात चौथा क्रमांक मिळविला. कांस्यपदक एका कुस्तीने हुकले. चौगुले यांनी पावणेत्रेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन पुरी करून एकोणिसावे स्थान घेतले. दातार यांना ती शर्यत पूर्ण करता आली नाही. पदक एकही आले नाही, पण दोराबजींची निवड चुकली होती असे म्हणता येणार नाही. बत्तीस वर्षांनी हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक आणले ते कुस्तीतच.

१९२० मध्येच दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सदस्य झाले आणि पुढे दशकभर त्या पदावर राहिले. १९२४ च्या पॅरिस स्पर्धेसाठी दिल्लीत अखिल भारतीय पातळीवर निवड-स्पर्धा झाल्या. मद्रासच्या वायएमसीए महाविद्यालयाचे हॅरी बक आणि ए. जी. नोरेन यांनी प्रांतोप्रांती संघटना बांधण्यात पुढाकार घेतला. पॅरिसला टेनिसपटूही गेले आणि सिडनी जेकब यांनी एकेरीत उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्यानंतर टेनिसच यादीतून गळाले आणि अधिकृत पदकांचा खेळ म्हणून थेट १९८८ मध्ये सोलला परतले.

याच काळात दोराबजींच्या व्यवसायावर मोठे संकट कोसळले होते. १९२४ मध्ये पोलाद कंपनीकडे कामगारांचे पगार भागविण्याइतका पैसा उरला नाही. दोराबजींनी आपली वैयक्तिक मालमत्ता आणि पत्नी मेहरबाईंचे दागिने, त्यात प्रसिद्ध ज्युबिली हिरा, तारण ठेवून कर्ज उभे केले. अशा वर्षांतही त्यांनी ऑलिम्पिकचे काम सोडले नाही. १९२७ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

यादीचे महत्त्व त्यानंतरच्याच वर्षी सिद्ध झाले. हॉकी १९२० मध्ये ऑलिम्पिकमध्ये होती. १९२४ मध्ये तिला वगळण्यात आले, कारण तिचा आंतरराष्ट्रीय महासंघ नव्हता. त्याच वर्षी पॅरिसमध्ये महासंघ निघाला, १९२५ मध्ये भारतीय हॉकी महासंघ उभा राहिला आणि १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम स्पर्धेत हॉकी परतली. सुवर्णपदक भारताला मिळाले. महासंघ, लेखी नियम आणि खेळणारे अनेक देश एवढी सामग्री असली की खेळाला दार उघडते, हे हॉकीने दाखविले. हुतूतूकडे यांतले काहीही नव्हते. भिवंडी-ठाण्याच्या पट्ट्यापासून विदर्भापर्यंत तो खेळणारे होते, पण देशाबाहेर त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. दोराबजींनी देशी खेळांसाठी अधिक काही करावयास हवे होते काय? ज्या खेळाचे नियम महाराष्ट्रातच एकमताने ठरलेले नव्हते, त्याची वकिली युरोपातील बैठकीत करणे अवघड होते, हे मान्य करावे लागते. मात्र ज्या मैदानावर त्यांना अनवाणी धावपटू दिसले, त्याच मैदानावरचे इतर खेळ या साऱ्या धडपडीत मागे राहिले, ही वस्तुस्थिती आहे.

१९३१ मध्ये मेहरबाईंचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. दोराबजींनी त्यांच्या नावे रक्तविकारांच्या संशोधनासाठी निधी स्थापला आणि आपली उरलीसुरली सारी संपत्ती विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांची प्राणज्योत मालवली. इंग्लंडमधील ब्रुकवूड येथे पत्नीशेजारी त्यांचे दफन झाले.

चार वर्षांनी, १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी, त्याच जर्मनीत अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक उतरले आणि बर्लिनमध्ये त्याने देशी खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. हुतूतू त्यांत होता. कबड्डी या नावाने आशियाई स्पर्धांच्या अधिकृत यादीत येण्यास त्याला १९९० साल उजाडले.