इब्नुल हैसम : पाहणे आणि ओळखणे

गर्दीत आपला माणूस दुरून दिसला तरी आपण त्याला क्षणात ओळखतो. ही ओळख डोळा पटवतो की आणखी कोणी? सुमारे १००० वर्षांपूर्वी या प्रश्नाचा सखोल विचार करणारे थोर विद्वान म्हणजे अबू अली अल-हसन इब्नुल हैसम.

त्यांचा जन्म इ. स. ९६५ च्या सुमारास बसरा येथे झाला. चरित्रकार सांगतात की, नाईलच्या पाण्याचे नियमन करण्यासाठी फातिमी खलीफा अल-हाकिम यांनी त्यांना इजिप्तमध्ये बोलावले. नदीकाठची प्राचीन भव्य बांधकामे पाहून त्यांनी जाणले की, हे काम शक्य असते तर त्या कुशल लोकांनीच ते केले असते. आपली योजना फसल्याचे त्यांनी मान्य केले. पुढे खलीफाच्या रोषापासून वाचण्यासाठी त्यांनी वेडाचे सोंग घेतले आणि १०२१ मध्ये अल-हाकिम यांचा अंत झाल्यावरच ते टाकले. त्यानंतर ते अल-अझहरजवळ राहिले आणि गणितग्रंथांच्या नकला करून त्यांनी उपजीविका केली. इ. स. १०४० च्या सुमारास कैरो येथे त्यांचे निधन झाले.

सात खंडांच्या ‘किताबुल मनाझिर’ या ग्रंथात त्यांनी सिद्ध केले की, डोळ्यांतून किरण बाहेर पडत नाहीत. वस्तूवरून येणारा प्रकाश डोळ्यांत शिरतो. परंतु ते एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांच्या मते केवळ संवेदनेने प्रकाश आणि रंग एवढेच कळतात. वस्तू कोणती, हे बुद्धी ठरवते. समोरच्या रूपाची स्मृतीत साठलेल्या रूपांशी ती तुलना करते. सवयीमुळे हे इतके झटपट घडते की आपल्याला त्याची जाणीवही होत नाही. साक्षर मनुष्य परिचित शब्द अक्षरे न जुळवता एका दृष्टिक्षेपात ओळखतो, तसेच हे आहे. समोर मनुष्य आहे हे आधी कळते. तो अमुकच मनुष्य आहे हे कळण्यास अधिक वेळ लागतो.

आजचे विज्ञानही सांगते की, डोळ्यांकडून आलेले संदेश मेंदूच्या मागील भागात पोहोचतात आणि वस्तू व चेहरे ओळखण्यात कानशिलांच्या बाजूच्या भागाचा मोठा वाटा असतो. त्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना नाक-डोळे स्पष्ट दिसतात, पण आप्तांचा चेहरा ओळखता येत नाही.

इब्नुल हैसम यांनी दृष्टीच्या चुकांवर स्वतंत्र खंड लिहिला. अंतर फार असले किंवा प्रकाश मंद असला की परका मनुष्य परिचित वाटतो. कारण बुद्धी अपुऱ्या खुणांवरून निवाडा देते. म्हणूनच सत्यशोधकाने थोरांच्या मतांची आणि स्वतःच्या आकलनाचीही कठोर परीक्षा घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता.

वाचकहो, येथेच हे चरित्र आपल्या दारापर्यंत येते. एखाद्याचा पोशाख, वस्ती वा नाव पाहून आपण त्याला क्षणात एखाद्या वर्गात बसवतो आणि त्यालाच ‘पाहिलेले सत्य’ म्हणतो. वास्तविक डोळ्यांनी थोडेच पाहिलेले असते. उरलेले आपल्या मनातील जुन्या साठ्याने भरलेले असते. सूरह अल-हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याचा आणि वाईट ग्रहांपासून दूर राहण्याचा आदेश आहे. तो पाळणे म्हणजे दृष्टीच्या देणगीबद्दल कृतज्ञता व्यक्त करणेच होय.

अल्लाह आपल्याला नजरेबरोबर विवेकही देवो. आमीन.