घड्याळातला ईसीजी आणि 270 किलोचं यंत्र: विलेम आइंटहोवेन यांची गोष्ट

स्मार्टवॉचच्या बॉक्सवर ‘ईसीजी’ लिहिलेलं दिसलं, की अनेकांना वाटतं, चला, आता हृदयावर घड्याळाचं लक्ष राहणार. हे फीचर नेमकं काय बघतं आणि त्याला काय दिसत नाही, हे समजून घ्यायचं तर स्पेसिफिकेशनच्या यादीपेक्षा एका माणसाचं आयुष्य मला जास्त उपयोगी वाटतं. तो माणूस म्हणजे डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन.

जावा ते लायडन

आइंटहोवेन यांचा जन्म 21 मे 1860 रोजी जावा बेटावरच्या सेमारांगमध्ये झाला. तेव्हा हा भाग डचांच्या ताब्यात होता. वडील डॉक्टर होते. विलेम सहा वर्षांचे असताना ते वारले आणि 1870 मध्ये आई सहा मुलांना घेऊन नेदरलँड्समधल्या उट्रेक्टला आली. वडिलांसारखंच डॉक्टर व्हायचं म्हणून विलेम यांनी तिथे वैद्यकीय शिक्षण घेतलं. पुढे अवघ्या पंचविशीत ते लायडन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि आयुष्यभर तिथेच राहिले.

हृदयात वीज कुठून येते?

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो आपणहून विद्युत संकेत सोडतो. संकेत आधी वरच्या दोन कप्प्यांत पसरतो, क्षणभर रेंगाळतो आणि मग खालच्या दोन मोठ्या कप्प्यांत जातो. ते आकुंचन पावतात आणि रक्त फुप्फुसांकडे व शरीरभर ढकललं जातं. या विजेचा अंश त्वचेपर्यंत पोचतो, पण किती? साधारण एक मिलिव्होल्ट. म्हणजे रिमोटमधल्या सेलच्या दीड हजाराव्या भागाइतका!

लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी 1887 मध्ये माणसाच्या शरीरावरून ही वीज टिपून दाखवली होती. पण त्यांच्या उपकरणात बारीक नळीतला पारा हलायचा, आणि पारा पडला सुस्त. वीज पुढे, पारा मागे. आइंटहोवेन यांनी आधी गणिताने ही चूक दुरुस्त करून खरा आलेख काढला. 1895 मध्ये त्यातल्या चढउतारांना त्यांनी पी, क्यू, आर, एस, टी अशी नावं दिली. डॉक्टर आजही हीच नावं वापरतात. पण प्रत्येक पेशंटसाठी एवढी आकडेमोड कोण करत बसणार? म्हणून त्यांनी यंत्रच नवं बनवायचं ठरवलं.

एक धागा, एक चुंबक

1901 मध्ये त्यांनी मांडलेल्या या यंत्राचं नाव स्ट्रिंग गॅल्व्हानोमीटर. कल्पना साधी होती. केसापेक्षा कितीतरी बारीक असा क्वार्ट्झचा धागा, त्यावर चांदीचा मुलामा, आणि तो ताणलेला एका ताकदवान विद्युतचुंबकाच्या मधोमध. हृदयाचा प्रवाह धाग्यातून गेला की धागा किंचित बाजूला सरकायचा. त्याची सावली भिंगांनी मोठी करून सरकत्या फोटोप्लेटवर उमटवायची. धागा इतका हलका, की तो मागे पडायचाच नाही.

बाकीचा पसारा मात्र मोठा होता. वजन सुमारे 270 किलो, चालवायला पाच माणसं, चुंबक तापू नये म्हणून खेळतं पाणी. पेशंटने हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचं. हे धूड हॉस्पिटलमध्ये नेणं शक्यच नव्हतं. मग 1905 मध्ये आइंटहोवेन यांनी सुमारे दीड किलोमीटरवरच्या हॉस्पिटलमधून टेलिफोनच्या तारेवरून पेशंटचे संकेत प्रयोगशाळेत आणले. मला विचाराल तर टेलिमेडिसिनची सुरुवात इथे झाली.

मोजमापही त्यांनीच घालून दिलं. ईसीजीच्या कागदावरचा छोटा चौकोन आडवा 0.04 सेकंद आणि उभा 0.1 मिलिव्होल्ट, हे प्रमाण त्यांचंच.

तीन बाजूंनी बघायचं

आता मुद्द्याची गोष्ट. आइंटहोवेन एका नोंदीवर समाधान मानत नव्हते. उजवा हात ते डावा हात, उजवा हात ते डावा पाय, आणि डावा हात ते डावा पाय अशा तीन जोड्यांमधून ते नोंद घ्यायचे. यांना पहिली, दुसरी आणि तिसरी लीड म्हणतात. एकाच इमारतीचे तीन बाजूंनी फोटो काढावेत, तसं. हॉस्पिटलमधल्या 12 लीडच्या ईसीजीत या तिन्ही आजही आहेत.

डाव्या मनगटावरच्या घड्याळाला तुम्ही उजव्या हाताचं बोट लावता, तेव्हा फक्त पहिली लीड मिळते. ठोक्यांची लय बिघडली आहे का, हे त्यातून बऱ्यापैकी कळतं. वरचे कप्पे नुसतेच थरथरत राहण्याचा जो विकार, एट्रियल फिब्रिलेशन, तो घड्याळ याच पद्धतीने शोधतं. लंडनच्या थॉमस लुईस यांनी आइंटहोवेन यांच्याच यंत्रावर या विकाराचा अभ्यास केला होता.

हार्ट अटॅक मात्र वेगळा. त्यात हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते आणि स्नायूचा एखादा भाग उपाशी पडतो. त्याची खूण कदाचित पायाच्या किंवा छातीवरच्या लीडमध्येच दिसेल. कधीकधी हॉस्पिटलच्या पहिल्या ईसीजीतही दिसत नाही, म्हणून डॉक्टर तो पुन्हा काढतात आणि रक्ताची तपासणी करतात.

आइंटहोवेन यांना 1924 मध्ये नोबेल मिळालं आणि 29 सप्टेंबर 1927 रोजी लायडनमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचं 270 किलोचं यंत्र आता मनगटावर मावतं, ही कमालच आहे. पण घरात कुणाच्या छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल आणि घड्याळ ‘सगळं नॉर्मल’ म्हणत असेल, तर घड्याळाचं ऐकू नका. 108 ला फोन करा.