फुटक्या नळीची बंदूक

जिम कॉर्बेट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? हॅट घातलेला साहेब, खांद्यावर रायफल आणि पायाशी पडलेला नरभक्षक वाघ. चित्र खोटं नाही. पण या माणसाच्या हातात आलेली पहिली बंदूक बघितली असतीत, तर तुम्ही ती भंगारवाल्याला देऊन टाकली असती.

जिमचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालमधला. वडील तिथे पोस्टमास्तर होते. ते गेले तेव्हा जिम जेमतेम सहा वर्षांचा होता. घरात भावंडांची रांग, आणि खर्चाचा भार आईवर आणि थोरल्या टॉमवर. हिवाळ्यात सगळं कुटुंब डोंगर उतरून कालाढुंगीला यायचं, तिथे घराला लागूनच जंगल. जिमने आधी गलोल वापरली, मग धनुष्यबाण. त्यानंतर स्टीफन डीझ नावाचा नात्यातला एक जण भेटला. तो कुमाऊंच्या पक्ष्यांवर पुस्तक करत होता आणि त्याला पक्ष्यांचे नमुने हवे होते. पक्षी आणून दे, बंदूक वापर, असा सौदा ठरला.

ही होती दोन नळ्यांची ठासणीची बंदूक. कुणीतरी कधीतरी दारू जास्त ठासली होती, त्यामुळे उजवी नळी सहा इंच फाटलेली. त्याच दणक्याने दस्ताही मोडलेला. सगळं पितळी तारेने गुंडाळून कसंबसं धरून ठेवलेलं. म्हणजे चालणारी नळी एकच, डावी.

ठासणीची बंदूक भरायची कशी, हे आज कुणाला सांगायला जावं तर हसू येतं. नळीच्या तोंडातून आधी काळी दारू ओतायची. वर बोळा. मग छर्रे किंवा शिशाची गोळी, पुन्हा बोळा, आणि हे सगळं गजाने ठासायचं. मागे निपलवर टोपी बसवायची, घोडा ओढायचा, तेव्हा कुठे एक बार तयार. तो चुकला तर हेच सगळं पहिल्यापासून. तोवर कोंबडं पार पलीकडच्या ओढ्यापर्यंत पोचलेलं असतं.

अशा बंदुकांची गोळी पूर्वी बऱ्याचदा घरीच ओतली जायची. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे चुलीवरच्या लोखंडी पळीतही काम होतं. ते साच्यात ओतायचं, थिजलं की साचा उघडायचा. ऐकायला सोपं आहे, पण साचा थंड असला तर गोळीवर सुरकुत्या पडतात, आणि आत हवेचा बुडबुडा राहिला तर ती एका अंगाला जड होऊन वाट सोडते. बाहेरून मात्र दोन्ही गोळ्या अगदी सारख्या दिसतात. शिवाय शुद्ध शिसं मऊ असतं. जास्त वेगाने उडवलं तर नळीच्या आत त्याचा थर बसत जातो. म्हणून वेग बेताचा ठेवायचा. आणि वेग कमी म्हणजे गोळी लांब जाईपर्यंत बरीच खाली उतरते. थोडक्यात, जवळ जायला पर्याय नाही.

जवळ जायचं कसं, हे जिमला जंगलात फिरताना कळत गेलं. कुंवर सिंग नावाचा जवळच्याच गावचा मुखिया त्याचा मित्र आणि एक प्रकारे गुरू. कायद्याच्या भाषेत तो चोरटा शिकारी होता, पण जंगल त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. माकडाने, चितळाने, मोराने दिलेला इशारा ऐकायचा आणि कोण कुठे चाललंय ते ओळखायचं, ही सवय जिमला याच वयात लागली. एक बार हातात असलेल्या मुलाला कान वापरावेच लागतात, असं मला वाटतं.

शाळेत कॅडेट तुकडी होती. तिथे सार्जंट-मेजरने या पोराला .४५० मार्टिनी रायफल वापरायला दिली. ही लष्करातली गाजलेली रायफल. दस्त्याखालची तरफ खाली ओढायची, रिकामं काडतूस बाहेर, नवं आत, तरफ वर. ठासणं नाही, पण बार पुन्हा एकच. लष्करी मार्टिनी-हेन्रीची गोळी सुमारे ३१ ग्रॅमची, थोडं कथील मिसळलेल्या शिशाची, कागदात गुंडाळलेली. मागे काळी दारू, त्यामुळे बार उडाला की समोर पांढरा धूर आणि खांद्यावर असा धक्का की मोठ्या माणसानेही दात आवळावेत. जिम तेव्हा दहाएक वर्षांचा. याच रायफलने त्याने आपला पहिला बिबट्या मारला. गोळी लागल्यावर तो त्याच्या डोक्यावरून उडी मारून गेला आणि पोराच्या अंगावर रक्ताचे थेंब पडले. घाबरून घरी पळण्याऐवजी जिम रक्ताच्या मागावर गेला आणि त्याला संपवून आला. जखमी जनावर मागे सोडायचं नाही, हे त्याने पुढे आयुष्यभर पाळलं.

ही नुसती शिस्त नव्हती. त्यामागचं कारण १९०७ मध्ये त्याच्या समोर येऊन उभं राहिलं.

तोपर्यंत जिम रेल्वेत होता, मोकामेह घाटावर मालाच्या चढउताराचं कंत्राट बघत होता. चंपावतची वाघीण मारायला त्याला बोलावलं गेलं. आधी नेपाळात, मग कुमाऊंत, नोंदीप्रमाणे या एका वाघिणीने ४३६ माणसं मारली होती. तहसीलदाराने हाकाऱ्यासाठी २९८ माणसं गोळा केली. कॉर्बेटकडे .५०० ची जोडनळी रायफल होती आणि खिशात फक्त तीन काडतुसं! ती संपली तेव्हा वाघीण जखमी होती, पण जिवंत होती. तो धावत तहसीलदाराकडे गेला आणि त्याची जुनी बंदूक घेतली. त्या बंदुकीच्या नळ्या आणि मागचा भाग यांच्यात चांगली फट होती. बार उलटा तोंडावर येईल ही भीती होतीच. वीसेक फुटांवरून त्याने वाघिणीच्या उघड्या तोंडावर नेम धरला. गोळी लागली पंजाला. वाघीण मेली ती आधीच्या गोळ्यांनी.

मग त्याने तिचं तोंड उघडून पाहिलं. उजव्या बाजूचे सुळे तुटलेले होते, वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. कधीतरी कुणाची तरी गोळी तिथे लागली होती. तिला आपली नेहमीची शिकार धरता येईना, म्हणून ती माणसाकडे वळली होती. कोण होता तो शिकारी, कुठली बंदूक, कळायला मार्ग नाही. तो बहुधा वाघ निसटला म्हणून हळहळत घरी जाऊन जेवला असेल. त्याच्या एका चुकलेल्या बाराची किंमत गवत कापायला गेलेल्या बायकांनी मोजली.

सगळेच नरभक्षक गोळीने घडले नाहीत, हेही सांगायला हवं. मुक्तेसरच्या वाघिणीच्या अंगात साळिंदराचे पन्नासेक काटे निघाले होते. पण पुढे पुस्तकं लिहिताना कॉर्बेटने अर्धवट जखमा आणि नरभक्षक यांचा संबंध पुन्हा पुन्हा मांडला. त्याचं पहिलं गाजलेलं पुस्तक १९४४ चं, म्हणजे तो जवळजवळ सत्तरीला आलेला असताना. रुद्रप्रयागचा बिबट्या त्याने १९२६ मध्ये मारला, त्याने १२५ माणसांचा बळी घेतला होता. त्याच सुमारास त्याच्या हातात सिनेकॅमेरा आला, आणि वाघाच्या जवळ जाण्याची जुनी विद्या तिथेही कामी आली. १९३६ मध्ये रामगंगेच्या काठी राष्ट्रीय उद्यान झालं, त्यामागे त्याची खटपट होती. १९४७ च्या अखेरीस तो बहीण मॅगीसह केनियाला गेला. १९ एप्रिल १९५५ ला न्येरी इथे वारला. त्या उद्यानाला त्याचं नाव मिळालं ते मृत्यूनंतर.

चंपावतच्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्याला लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. तिची गोळी शिशाचीच, पण वर कठीण धातूचं कवच, मार्टिनीच्या गोळीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी वजनाची आणि कितीतरी वेगवान. रायफलही हलकी, दिवसभर खांद्यावर घेऊन डोंगर चढता येईल अशी. धुराचा पडदा गेला, आत पाच काडतुसं मावू लागली. तरी कॉर्बेट वाघाच्या जवळच जात राहिला, अगदी पूर्वीसारखा. दस्त्यावर चांदीची छोटी पट्टी आहे, तिच्यावर त्याचं नाव आणि चंपावतच्या वाघिणीचा उल्लेख कोरलेला आहे. अनेक हात फिरून ही रायफल आता पुन्हा रिग्बी कंपनीकडेच परत आली आहे.