घडीचा हिशेब : आचार्य श्री शांतिसागर महाराज

बारा अनुप्रेक्षांमध्ये पहिले स्थान अनित्य भावनेला दिलेले आहे. मंदिरात, घरी, कोणाच्या अंत्यसमयी आपण तिचे पठण करतो, पुस्तक मिटतो आणि लगेच पुढच्या उन्हाळ्यात घराचा वरचा मजला चढवावा की काय, या विचाराला लागतो. यात कोणास दोष देण्याचा हेतू नाही. प्रस्तुत लेखकही त्यातलाच आहे. आयुष्य अल्प आहे हे ठाऊक असणे आणि त्या जाणिवेने रोजचा दिवस वापरणे, यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर ज्यांनी एकेक पाऊल टाकीत पार केले, त्या चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री १०८ शांतिसागर महाराजांचे स्मरण या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत करणे उचित होईल. त्यांच्या तपश्चर्येविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांनी किती वर्षे वाट पाहिली आणि ती कशी पाहिली, याविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही.

महाराजांचा जन्म १८७२ साली झाला. बेळगाव जिल्ह्यात, दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले भोज हे त्यांचे गाव. वडील भीमगौडा पाटील, आई सत्यवती. घरी शेती होती, पाटीलकी होती, कापडाचे दुकान होते. मुलाचे नाव सातगौडा ठेवले. त्या काळच्या रीतीप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. वधू सहा वर्षांची होती. विवाहानंतर सुमारे सहा महिन्यांतच ती बालिका निवर्तली. चरित्रकार ही घटना एका ओळीत सांगून पुढे जातात. नऊ वर्षांच्या बालकाला त्या मृत्यूचा अर्थ कितपत उमगला असेल, हे आज कोण सांगणार? पुढे घरच्यांनी दुसऱ्या विवाहाचा विषय काढला तेव्हा सातगौडांनी तो स्वीकारला नाही आणि आजन्म ब्रह्मचर्य पाळले, एवढे निश्चित आहे.

सतरा-अठराव्या वर्षीच त्यांच्या मनात निर्ग्रंथ दीक्षेची इच्छा उत्पन्न झाली होती. वडिलांना पुत्राचा स्वभाव ठाऊक होता. आम्ही जिवंत आहोत तोवर घरी राहूनच धर्मसाधना करावी, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली, आणि सातगौडांनी ती मानली. येथून पुढची दोन तपांहून अधिक वर्षे ते घरीच होते.

आपण सर्वांनी विचार करावा असा भाग हाच आहे. मुलीचे लग्न झाले की, दुकान मुलाच्या हाती आले की, निवृत्ती मिळाली की मग धर्माकडे वळू, असे आपण म्हणतो. सातगौडांनीही वाट पाहिली. पण त्यांच्या प्रतीक्षेत एकही वर्ष रिकामे गेले नाही. दुकानात ते बसत, परंतु धंद्याचा भार धाकटे बंधू कुमगौडा यांच्यावर असे. ग्राहक आले तरी यांचे लक्ष शास्त्रवाचनात. शेतावर पाखरे दाणे टिपायला उतरली तर ती हाकलायची नाहीत, उलट त्यांच्यासाठी पाणी ठेवायचे, हा त्यांचा परिपाठ गावात प्रसिद्ध होता. आदिसागर मुनी भोजला येत तेव्हा नदीला पाणी असले तर सातगौडा त्यांना आपल्या खांद्यावर घेऊन पैलतीरी पोहोचवीत. बत्तिसाव्या वर्षी सम्मेदशिखरजीची यात्रा घडली. पहाड चढताना थकलेल्या वृद्धांनाही त्यांनी असाच आधार दिल्याचे सांगतात. त्या यात्रेत त्यांनी तूप व तेल यांचा आजन्म त्याग केला, आणि घरी परतल्यावर दिवसातून एकदाच भोजन घेण्याचा नियम केला. दीक्षा अद्याप दहा-अकरा वर्षे दूर होती, पण तिची तयारी घरातच चालू होती. पुढे आईवडील दोघांचेही धर्मध्यानपूर्वक देहावसान झाले. पुत्राने दिलेला शब्द पूर्ण झाला.

१९१५ साली कोल्हापूर जिल्ह्यातील उत्तूर येथे देवेंद्रकीर्ती मुनींच्या हस्ते त्यांनी क्षुल्लक दीक्षा घेतली. वय त्रेचाळीस. गिरनार येथे ऐलक झाले. १९२० साली यरनाळ येथे मुनिदीक्षा झाली तेव्हा वय अठ्ठेचाळीस होते. आज आपली संस्था ज्या पन्नाशीचा उत्सव करीत आहे, त्या पन्नाशीत महाराज पोहोचले तेव्हा त्यांना मुनी होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती! १९२४ साली सांगली जिल्ह्यातील समडोळी येथे चतुर्विध संघाने त्यांना आचार्यपद दिले. त्या घटनेची शताब्दी २०२४ साली साजरी झाली, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

उरलेल्या पस्तीस वर्षांत त्यांनी काय केले, ते येथे थोडक्यातच सांगतो. १९२७ साली संघासह सम्मेदशिखरजीकडे प्रस्थान ठेवले आणि नंतर काही वर्षे उत्तर भारतात विहार केला. ज्या नगरांतून कित्येक पिढ्यांनी दिगंबर मुनी पाहिले नव्हते, तेथून हा संघ पायी गेला. कोगनोळीच्या गुहेत सामायिकात बसले असता सर्प अंगावर चढला आणि महाराज ध्यानातून ढळले नाहीत, ही कथा तर घरोघरी सांगितली जाते. उपवासांची संख्या भक्तांनी मोजून ठेवली आहे. ती नऊ हजारांच्या पुढे जाते. मुंबई राज्याचा मंदिरप्रवेशाचा कायदा जैन मंदिरांना लागू होतो काय, या प्रश्नावर १९४८ पासून १९५१ च्या न्यायालयीन निर्णयापर्यंत त्यांनी अन्नधान्य वर्ज्य केले होते. त्या वादाकडे आजची पिढी कदाचित वेगळ्या दृष्टीने पाहील आणि तसे पाहण्याचा तिला अधिकार आहे; परंतु पंचाहत्तरी ओलांडलेल्या देहाने तीन वर्षे धान्यावाचून काढली, ही गोष्ट पुढील घटना समजून घेताना ध्यानात ठेवली पाहिजे.

एका कार्याचा उल्लेख मात्र विस्ताराने करावासा वाटतो. मूडबिद्री येथील धवलादी सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्रांचा काही भाग किडीने नष्ट झाल्याचे त्यांना कळले तेव्हा त्यांना अत्यंत खेद झाला. स्वतःच्या देहाविषयी ज्याला काडीचे ममत्व नव्हते, तो हा साधू पानांच्या नाशाने व्याकूळ झाला! माणसाचे आयुष्य सरते, ताडपत्राचेही सरते. पण ताडपत्रावरील शब्द दुसऱ्या पत्रावर उतरविता येतो. महाराजांच्या प्रेरणेने हे ग्रंथ ताम्रपत्रांवर कोरण्याचे काम हाती घेण्यात आले, त्यासाठी निधी उभा राहिला, संस्था स्थापन झाली, आणि ते ताम्रपट फलटण येथे जतन करण्यात आले. काय टिकवायचे आणि काय सोडून द्यायचे याचा त्यांचा विवेक किती स्पष्ट होता, ते येथे दिसते.

१९५५ चा चातुर्मास कुंथलगिरी येथे होता. कुलभूषण व देशभूषण मुनींच्या निर्वाणाने पावन झालेले हे सिद्धक्षेत्र धाराशिव जिल्ह्यात आहे. महाराजांचे वय त्र्याऐंशी. त्यांची दृष्टी मंद होत चालली होती. गृहस्थाच्या दृष्टीने पाहिले तर ही वार्धक्यातली सामान्य अडचण. कोणीतरी हात धरावा, कोणीतरी वाचून दाखवावे, दिवस निघून जातात. मुनीचे तसे नसते. चार हात पुढील भूमी पाहूनच पाऊल टाकावयाचे, ही ईर्यासमिती. उभ्याने, हातांच्या ओंजळीत घेतलेला प्रत्येक घास जीवजंतू नाही असे पाहूनच मुखात घालावयाचा, ही एषणासमिती. पिंछी, कमंडलू, शास्त्र उचलताना आणि ठेवतानाही पाहणे आलेच. डोळेच गेले तर पायाखाली कोणता जीव आला हे कसे कळणार? आपण जगावे म्हणून दुसऱ्या जीवांना प्राण गमवावे लागतील, अशा अवस्थेला ते येऊन पोहोचले होते. देह राखावा तर व्रत जाते, व्रत राखावे तर देह जातो.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात उपसर्ग, दुर्भिक्ष, जरा आणि प्रतिकाररहित रोग ही सल्लेखनेची कारणे सांगितली आहेत. सल्लेखनेला आत्मघात समजण्याची चूक पूर्वीही होत असे आणि आजही होते. २०१५ च्या १० ऑगस्टला राजस्थान उच्च न्यायालयाने तसा निर्णय दिला आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली, त्या दिवसांत आपल्यापैकी अनेकांना शेजाऱ्यांच्या, सहकाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागली. अशा वेळी शास्त्रार्थापेक्षा कुंथलगिरीचे ते छत्तीस दिवस सांगावेत. जीवनाला कंटाळलेला मनुष्य घाई करतो, एकांत शोधतो. महाराजांनी हे सर्व संघासमोर, सहस्रावधी लोकांच्या दर्शनाला येत असलेल्या गर्दीसमोर, क्रमाक्रमाने केले. १४ ऑगस्ट १९५५ रोजी सल्लेखनेस प्रारंभ झाला. प्रथम आहार सुटला आणि मधूनमधून केवळ पाणी राहिले. सप्टेंबरमध्ये तेही सुटले. सर्वांना क्षमा केली, सर्वांची क्षमा मागितली.

ऑगस्टमध्येच त्यांनी आचार्यपदाचा त्याग करून ते आपले ज्येष्ठ शिष्य वीरसागर महाराज यांना दिले. वीरसागरजी त्या वेळी जयपूर येथे होते. निर्णय पत्राने कळविण्यात आला. शिष्यही तरुण नव्हते. १९५७ साली त्यांचीही समाधी झाली, म्हणजे त्या पदावर त्यांना अवघी दोन वर्षे मिळाली.

८ सप्टेंबर हा सल्लेखनेचा सव्विसावा दिवस. त्या दिवशी महाराजांनी शेवटचा उपदेश केला आणि तो ध्वनिमुद्रित करून ठेवण्यात आला. उपदेश मराठीत आहे. अन्न नाही, पाणी नाही, अशा देहातून निघालेला तो स्वर ज्यांनी ऐकला आहे त्यांना अधिक सांगणे नको. सम्यक्त्व धारण करा, संयम धारण करा, भिऊ नका, असा त्याचा आशय. त्यात महाराजांनी गृहस्थांसाठी वेळेचा हिशेबही मांडला आहे. अहोरात्रात आत्मचिंतनासाठी उत्कृष्ट सहा घडी, मध्यम चार, जघन्य दोन घडी द्याव्यात. एक घडी म्हणजे चोवीस मिनिटे. सहा घडी म्हणजे जवळजवळ अडीच तास. समोरच्या श्रावकांना ते जमणार नाही हे त्यांना ठाऊक होते. म्हणून ते दहा-पंधरा मिनिटांवर आले, आणि अखेरीस निदान पाच मिनिटे तरी, इथपर्यंत उतरले. ज्याच्या स्वतःच्या आयुष्याचे दहा दिवस उरले होते, तो वृद्ध तपस्वी आमच्या आयुष्यातील पाच मिनिटांसाठी आर्जव करीत होता. घरी बसून ती ध्वनिमुद्रिका ऐकताना या ठिकाणी मान खाली जाते.

त्यानंतर बोलणे कमी होत गेले, पण सावधानता अखेरपर्यंत कायम होती. रविवार, १८ सप्टेंबर १९५५, भाद्रपद शुद्ध द्वितीया. सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी महाराजांनी देह ठेवला. त्याच पहाडावर अंत्यसंस्कार झाले. आलेली माणसे बैलगाड्यांनी, मोटारींनी, पायी आपापल्या गावी परतू लागली. कारण पंचमीपासून, म्हणजे तिसऱ्याच दिवशी, गावोगावच्या मंदिरांत दशलक्षण पर्व सुरू व्हावयाचे होते.